आलापापुरत्या बांगड्या

उज्वलाताईंनी डाव्यासारखाच उजव्या हातातल्या बांगड्यांवरही रुमाल गुंडाळला, गाठ दातांनी घट्ट ओढली आणि गज व्हायोलिनच्या तारेवर टेकवला. पूरिया धनाश्रीचा पहिला लांब स्वर निघाला. सुरेख निघाला. पुढच्या स्वराला उजवं मनगट वळलं आणि रुमालाच्या आत काच काचेवर हलकेच वाजली.

रविराजने हात वर केला. तानपुराही थांबला.

"ताई, येतोय अजून आवाज."

"हो, मीपण ऐकला," ताई म्हणाल्या आणि गाठ सोडू लागल्या.

वाद्यवृंदाचा यंदाचा हंगाम कोजागिरीला सुरू होणार होता. होळीपर्यंत चार मैफली, आणि पहिल्या मैफलीची सुरुवात एकट्या व्हायोलिनच्या आलापाने. मागे फक्त तानपुरा. आलाप संपला की थोडी शांतता, आणि मग सगळी वाद्यं एकदम. रचना रविराजची होती. वाजवणार होत्या उज्वलाताई. माहेरी वडिलांच्या कीर्तनात, मग शाळेच्या गॅदरिंगमध्ये, मग या वृंदाच्या दुसऱ्या रांगेत, त्यांनी जन्मभर कुणाच्या तरी मागेच वाजवलं होतं. एकटीने वाजवण्याची वेळ आली ती साठी उलटल्यावर.

"काढता नाही येणार का? आलापापुरत्या?" रविराजने जरा संकोचूनच विचारलं. "पुढे कितीही वाजू द्यात हो. पण आलापात दुसरं काहीच नाहीये. तानपुरा आणि तुम्ही."

ताईंनी सोडलेला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

"नाहीतर मग हर्षालीला..." वाक्य त्याने अर्ध्यावरच सोडलं.

"मला नको हं सर!" मागच्या रांगेतून व्हायोलिनवाली हर्षाली ओरडली. "काकूंचा आलाप मी वाजवला तर पुढच्या मैफलीला लोक फुकटच्या चहालासुद्धा येणार नाहीत."

सगळे हसले. ताईही हसल्या. पण रविवारी रंगीत तालीम होती, तिचं रेकॉर्डिंग होणार होतं, आणि तोवर काय ते ठरवायला हवं होतं.

बांगड्या नवसाच्या होत्या. गेल्या चैत्रात नवऱ्याच्या, कोंडाजीरावांच्या, छातीत पाणी झालं आणि डॉक्टर नीट काही बोलेनात, तेव्हा ताई वणीच्या गडावर गेल्या. देवीच्या दारात दोन्ही हात भरून घेतले आणि म्हणाल्या, पुढच्या चैत्रात ओटी भरायला येईन, तोवर यातली एकही उतरवणार नाही. कोंडाजीराव उठून बसले, घरी आले. मंगळवारचा उपास, तुळशीचं पाणी, तिन्हीसांजेची रामरक्षा जशी ताई सांभाळत, तशाच या बांगड्या सांभाळत आल्या होत्या. भांडी घासताना, पाणी भरताना, गज ओढताना. एकही टिचून वाढली नव्हती.

देवळाली कॅम्पातल्या घरी त्या पोचल्या तेव्हा कोंडाजीराव ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. तोफांनी त्यांचे कान नेले होते. कुकरची शिट्टी त्यांना कळत नसे, बायकोचं व्हायोलिन तर नाहीच; समोरचं छोटं बोलणं तेवढं ते ओठांवरून ओळखत. कानाचं यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून ते कपाटात पडून होतं. तरी ताईंच्या प्रत्येक कार्यक्रमाला इस्त्रीचा सदरा घालून ते येत आणि गजाकडे बघत बसत.

"काय झालं?"

"कुठे काय."

"कुठे काय काय? तोंड बघ आरशात."

ताईंनी सांगितलं. मग मोठ्याने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलेलं शेजारच्या आशावहिनींनाही कळलं असावं, कारण त्यांच्याकडचा टीव्ही बारीक झाला.

"मग काढ की. मला काय होतंय? ठणठणीत हाय मी."

"असं बोलू नये."

"बरं. नवस कोणासाठी केला होता?"

"तुमच्यासाठी."

"मग माझ्या हातात घाल. घरातल्या घरात हाय. देवीला काय हरकत?"

"अहो! लोक काय म्हणतील? सुभेदार बांगड्या भरून बसलेत!"

"जन्म तोफेशेजारी काढला. आता काचेला भिऊ का?"

"बसणार नाहीत तुमच्या हातात."

कोंडाजीरावांनी मूठ पुढे केली. आजाराने हात पार वाळला होता, मनगटावर घड्याळही ठरत नसे. ताईंचा हात मात्र आईवर गेलेला, चांगला भरलेला. दोघांनी दोन्ही हातांकडे पाहिलं.

ताई आत गेल्या. देवघरात दिवा लागला, रामरक्षा झाली, तरी त्या बाहेर येईनात. देवीशी काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. बाहेर आल्या आणि पानं वाढायला घेतली. पहिला वाफाळता भात कोंडाजीरावांच्या पानात घालताना एवढंच म्हणाल्या,

"आलापापुरत्याच हं."

रविवारी सभागृहातल्या बेसिनपाशी त्यांनी साबण लावून उजव्या हातातली एकेक बांगडी काढली आणि कुठेही न टेकवता थेट नवऱ्याच्या हातात चढवली. कासारीण दाबते तसा त्यांचा अंगठा तळव्यात मुडपून धरला. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांच्या ठिकाणी त्यांनी हा हात असा कधी धरला नव्हता. शेवटची बांगडी सांध्यावर अडली.

"हळू गं. माझा हात वाढवशील."

"अभद्र बोलू नका."

बांगडी आत गेली. कोंडाजीरावांनी सदऱ्याची बाही खाली ओढली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

रंगमंचावर ताईंना आपला उजवा हात परक्याचा वाटला. इतका हलका, की कुठे ठेवावा कळेना. मग तानपुरा सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले, गज टेकवला, आणि स्वर निघाला तो कुठेही न अडखळता, न घासता, थेट सभागृहाच्या टोकापर्यंत गेला. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटचा स्वर विरत विरत संपला. गज थांबला. रविराजचा हात वर होता. शांतता.

आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून टाळ्या वाजल्या. टाळ्यांबरोबर बांगड्या वाजल्या. भरल्या हातासारख्या, खणखणीत.

गज थांबला म्हणजे झालं, असा कोंडाजीरावांचा हिशेब होता. माना आपल्याकडे वळलेल्या पाहून ते चपापले, हात मांडीखाली दडपून बसले. हर्षालीने ओठ गच्च दाबले. रविराजचा हात तसाच हवेत होता. मग तो खाली आला आणि सगळी वाद्यं एकदम उठली.

तालीम संपल्यावर रेकॉर्डिंग करणाऱ्या सायलीने टेबलावरून विचारलं, "सर, पुन्हा घ्यायचं का?"

रविराजने हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकलं. पुष्कळ वेळ ऐकलं. ताई खाली उतरून समोर उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"टाळ्या काढता येतील," तो म्हणाला. "आलाप पुन्हा असा मिळायचा नाही. ऐका."

त्याने हेडफोन पुढे केला. ताईंनी तो घेतला, कानाकडे नेला, आणि थांबल्या.

"सायली, आवाज वाढव गं. पूर्ण."

शेजारीच पहिल्या रांगेत बसलेल्या कोंडाजीरावांच्या डोक्यावर त्यांनी तो चढवला.

"हे काय? निघायचं ना?" ते म्हणाले, आणि मध्येच गप्प झाले. समोर गज नव्हता, बघायला काही नव्हतं. ते आधी सायलीच्या टेबलाकडे बघत राहिले, मग जमिनीकडे. मग कुठेच बघेनात.

मंडळी वाद्यं पेटीत घालू लागली. दिवे एकेक करून मालवले जाऊ लागले. देवळालीची बस चुकेल म्हणून ताई वाकल्या आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

कोंडाजीरावांनी बांगड्या भरलेला हात वर केला. बाही मागे सरकली ती त्यांनी सरकू दिली.

"थांब," ते साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "चालू हाय अजून."