लाभ, दोन, तीन

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका स्टुडिओत आफ्रिकेतल्या मुलांसाठी कार्टून बनतं, हे उपासनानं सांगितलं तेव्हा निपाणीतल्या तिच्या गल्लीत कुणाचा विश्वासच बसेना. पण खरंच बनत होतं. टांझानियातली नीमा नावाची बाई तिकडच्या मुलांना त्यांच्याच भाषेत अंक-अक्षरं शिकवणारी मालिका करत होती. गोष्टी तिच्या, आवाज तिकडच्या पोरांचे आणि चित्रं हलवायचं काम बेळगावात, उपासनाकडं. नीमा नावानं अगदी आपल्यातली वाटायची, पण नजर मोठी तिखट.

पहिल्याच भागात उपासनानं घोळ घातला. मालिकेतली मुलगी आंबे मोजते. उपासनानं तिला बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मोजायला लावलं, कारण ती स्वतः तशीच मोजत आली होती. जगात दुसरं कसं कुणी मोजत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. व्हिडिओ कॉलवर नीमा आधी हसली, मग गंभीर झाली. "आमच्याकडं मूल एकेक बोट उघडत मोजतं. हा हात त्यांना परका वाटेल. आजवर टीव्हीवर त्यांनी परकेच हात बघितलेत." स्टुडिओचा मालक अभिनंदन लगेच मान डोलावून मोकळा झाला. अख्खा भाग नव्यानं काढला, कुणी कुरकुर म्हणून केली नाही.

ते वाक्य उपासनाच्या मनातून जाईना. आपल्या पोरांनी तरी आपले हात कुठं बघितलेत? तिनं अभिनंदनला गळ घातली आणि तो चक्क तयार झाला. सीमाभागातल्या बालवाड्यांसाठी छोटी मालिका करायची. त्यात एक आजी, एक नात आणि मोजताना हमखास चुकणारं गाढव. आजीच्या आवाजासाठी उपासनानं आपल्या आईलाच, यल्लव्वाला, आणलं. बाईचा जन्म तंबाखूच्या वखारीत आणि सुगीला लोकांच्या खळ्यावर गेलेला. पण माइकसमोर अशी बसली की रोजचंच काम. सुपातली ज्वारी मापट्यानं मापत म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार..."

"एक कुठं गेलं, आक्का?" रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं.

"पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत, बाबा. एक म्हटलं की ते एकटं पडतंय. लाभ म्हटलं की मागनं दुसरं येतंय."

उपासनाच्या डोळ्यात पाणीच आलं. घरी जाऊन आईनं साऱ्या गल्लीला सांगितलं, मी टीव्हीतली आजी हाय.

मग आले मारुतीराव सर, मालिकेचे भाषा सल्लागार. मराठीसाठी मोर्चे काढण्यात त्यांचे केस पिकलेले. रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी चष्मा काढला. "भावना समजते मला. पण हे शिक्षण आहे. 'लई' काय, 'न्हाय' काय, आणि एकाच्या जागी लाभ! आधीच इथं मराठीची ओढाताण. त्यात ही असली शिकवली तर लोक हसतील आपल्याला."

ज्या मराठीसाठी हा माणूस लाठ्या खाल्ल्याचं सांगत फिरायचा, तीच कानावर पडल्यावर त्याला लाज वाटत होती. अभिनंदननं तोडगा काढला. "आजीला शुद्ध बोलणाऱ्या बाईंचा आवाज घेऊ. आईंचं रेकॉर्डिंग वाया कशाला घालवायचं? ते गाढवाला देऊ. पोरं हसून लोळतील."

"नीमासाठी अख्खा भाग बदललात तुम्ही."

"ती क्लायंट आहे गं. आणि सरांची सही नाही झाली तर मालिकाच बंद. बघ बाई तूच."

तिनं बघितलं. काहीच नसण्यापेक्षा पोरांना एवढं तरी मिळेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि दोन दिवस बसून गाढवाचं तोंड आईच्या शब्दाबरहुकूम हलवलं. कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. आईला सांगायचं ती रोज उद्यावर ढकलत राहिली.

निपाणीच्या बालवाडीत पहिला भाग दाखवला. यल्लव्वा नवं लुगडं नेसून पुढं बसली होती. पडद्यावर आजी आली, छापील मराठीत बोलू लागली. आईनं वळून उपासनाकडं बघितलं. तेवढ्यात गाढव आलं. "लाभ, दोन, तीन..."

"अरे गाढवा, लाभ नाही, एक!" पडद्यावरची नात ओरडली. बालवाडी खदखदून हसली. पोरं एकमेकांना ढोसत "लाभ, लाभ" म्हणून गाढवासारखी ओरडायला लागली. आई पण हसली, जराशी उशिरा.

वाटेत उपासना म्हणाली, "आई, मी सांगणार होते गं..."

"व्हय. तुला लई काम असतंय." थोडं चालून आई म्हणाली, "गाढव झ्याक काढलंयस."

घरी आल्यावर आईनं लुगडं बदललं आणि दळणाला ज्वारी घ्यायला बसली. मापटं भरलं, हातानं सपाट केलं. उपासना दारातच थांबली. आई क्षणभर घुटमळली, पोरीकडं न बघता मापटं डब्यात ओतलं.

"एक," ती म्हणाली.