माझ्याकडे तर चालतंय

"काका, डबल क्लिक म्हणजे लागोपाठ दोनदा! तुम्ही मध्येच थांबताय."

जगदीश फोनवर ओरडत होता आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. ऑकलंडमधल्या एका ऑफिसात हेल्पडेस्कवर बसतो माझा नवरा. दिवसभर ज्याला त्याला 'नो वरीज, टेक युअर टाइम' म्हणतो, अगदी मधात बुडवून. आपला माणूस फोनवर आला की मध संपतो.

"अरे, केलं दोनदा," काशिनाथकाका स्पीकरवर म्हणाले. "एक चौकोन येतो. त्यात बारीक काहीतरी लिहिलंय, मला दिसत नाही."

"ओके दाबा आणि परत करा. माझ्याकडे तर चालतंय."

आठवडाभर हेच चाललं होतं.

काका इथेच, ऑकलंडच्या हेन्डरसन भागात लेकीकडे राहतात. सोलापूरला एसटीच्या ऑफिसात त्यांचा जन्म गेला. आता नजर एवढी गेली आहे की स्क्रीनला नाक लावून नुसती मोठी अक्षरं कळतात. लेक दीप्ती नर्स आहे. ड्यूटीवरून आली की ती त्यांना सोलापूरच्या बातम्या वाचून दाखवते. "वाचता वाचता तिचे डोळे मिटतात गं," काका एकदा मला म्हणाले होते. "मग मी म्हणतो, पुरे, आज काही विशेष नाही." लेकीला त्रास न देता आपला पेपर आपण ऐकावा, एवढंच त्यांना हवं होतं.

जगदीशने मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा एक प्रोग्रॅम शोधला. कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवलेला, पण लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टिमपुरता. काकांकडे विंडोज. मग हा पठ्ठ्या शनिवार-रविवार ठाण मांडून बसला. एक फुकटचा कंपायलर उतरवून घेतला, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनला कळेल असा करून देणारं साधन, आणि एकेक एरर निस्तरत त्याने तो विंडोजवर आणला. आमच्या हॉलमध्ये तो आवाज पहिल्यांदा मराठी बोलला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. मग एक प्रत पेन ड्राइव्हवर स्वतःकडे ठेवून त्याने तो दीप्तीमार्फत काकांच्या कॉम्प्युटरवर पाठवला.

पण त्या संध्याकाळी त्याने हद्द केली. "तुम्हाला नाही जमणार हे, काका. भलतंच काहीतरी दाबता आणि सगळं बिघडवून ठेवता."

मग काका म्हणाले, "बरं बाबा. राहू दे."

फोन बंद झाल्यावर मी त्याला चांगलं झापलं. तो म्हणाला, "अगं, लहान पोरालाही जमेल!" मी म्हटलं, आण तो पेन ड्राइव्ह, बघू दे मला. माझ्या लॅपटॉपवर डबल क्लिक केलं. चौकोन आला. एक फाइल सापडत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"जगदीश, मीपण भलतंच दाबलं का रे?"

त्याने वाचलं आणि मटकन खुर्चीत बसला. कान लालबुंद.

"ती फाइल कंपायलरबरोबर येते," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे कंपायलर आहे, म्हणून माझ्याकडे चालतं. सोबत द्यायची राहिली. काकांकडे हे कधी चाललंच नसतं." मग तोंडावर हात ठेवून म्हणाला, "स्क्रीनवर काय लिहिलंय, हे आम्ही हेल्पडेस्कवर पहिल्यांदा विचारतो गं. दीप्तीला स्क्रीनचा एक फोटो पाठव म्हटलं असतं तरी कळलं असतं."

फाइल सोबत ठेवली आणि चहा उकळायच्या आत माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम बोलायला लागला.

"नवीन व्हर्जन आलंय म्हणून पाठवून देतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"पाठवतोस कसला? तोंडाने सांग जाऊन." लाज मलाही वाटत होती. सगळं ऐकत होते, पण हातातलं लाटणं ठेवून फोन काही मी काढून घेतला नव्हता.

रविवारी गेलो. दीप्ती ड्यूटीवर होती. काकांचा कॉम्प्युटर कोपऱ्यात, वर टॉवेल टाकलेला, प्लग काढलेला.

"या या," काका म्हणाले. "मी सगळ्यांना सांगितलं, जगदीशने फार कष्ट घेतले. मलाच जमलं नाही."

"काका, चूक माझी होती. एक फाइल द्यायची राहिली. तुमचं काहीच चुकत नव्हतं."

काका हसले. "मन मोठं आहे तुझं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणतोस."

"नाही हो, खरंच. उगाच बोललो तुम्हाला. माफ करा."

"असू दे रे. वय झालं माझं, मला कळतं ना."

जगदीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर सुटला असता. खाली मान घालून त्याने प्लग लावला, प्रोग्रॅम घातला, पेपर उघडला. आवाज वाचू लागला, सोलापुरात पाण्याची पाइपलाइन फुटल्याची बातमी.

"होटगी रोड म्हणाला!" काका पुढे सरकले. "ऐकलंत का? होटगी रोड!"

"आता तुम्ही लावा, काका." जगदीशने उठून खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली.

काकांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. "नको नको. चाललंय ते चालू दे. माझा हात लागला की बिघडायचं. दीप्ती आली की लावेल ती."

बातमी संपली. पुढच्या बातमीसाठी एक बटण दाबायचं होतं. जगदीश खुर्चीची पाठ धरून तसाच उभा राहिला. काका हात खिशातच ठेवून, दीप्तीच्या गाडीचा आवाज येतोय का, ते ऐकत बसले.