मण्यांची बरणी

"आज कुणी उचललं तुला?" पिटुकलीच्या गुडघ्यावरची माती पुसता पुसता बाईंनी विचारलं.

"मॉनिटरनी. आणि त्याच्या शेजारच्यानी," पिटुकली म्हणाली.

बाईंना बरं वाटलं. म्हणजे आज आणखी दोन मणी. दुसरीच्या वर्गात त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची मोठी बरणी होती. कुणी कुणाला मदत केली, की बाई त्याच्या हातावर एक लाल मणी ठेवत आणि तो सगळ्यांदेखत बरणीत टाके. बरणी भरली की अख्ख्या वर्गाची होडीतून सहल. युक्ती बाईंच्या स्वतःच्या डोक्यातली. तीस वर्षांत त्यांनी एकाही पोरावर हात उगारला नव्हता. त्यांच्या वर्गात चिडवाचिडवी नाही, ढकलाढकली नाही, असं शाळाभर बोललं जाई. शेजारच्या तीन शाळांनीही आता बरण्या आणल्या होत्या, आणि सोमवारी वरची साहेब मंडळी मूळ बरणी पाहायला येणार होती. निवृत्तीला चार महिने उरलेल्या बाईंना आकाश ठेंगणं झालं होतं.

कापूस घेऊन आलेली मावशी शाळेची झाडलोट करायची आणि तोंडाची फटकळ होती. ती म्हणाली, "बाई, या आठवड्यात पोर चौथ्यांदा पडली. पायाला आधाराचा पट्टा आहे, कबूल. पण तिची आई म्हणते, घरी कधी पडत नाही."

बाई हसून उत्तर देणार होत्या. पण त्यांनी पिटुकलीकडे पाहिलं आणि हसायचं राहून गेलं. "कशी पडतेस गं?" त्यांनी हळूच विचारलं. पिटुकली बराच वेळ पायाच्या पट्ट्याचं बक्कल उघडत आणि लावत राहिली.

"पाडतात," ती म्हणाली. "मग उचलतात. उचललं की मणी मिळतो ना."

आवाजात राग नव्हता. नव्या मुलीला वर्गाचे नियम समजावावेत तसं तिने सगळं सांगितलं. कुणी पाडायचं, कुणी उचलायचं, याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. कुणाचा डबा सांडला तरी चालायचं, पण सांडलेला डबा एकच जण भरून देतो, मणीही एकच. माणूस पडलं की दोघांना उचलता येतं, म्हणजे दोन मणी.

"मला का नाही गं सांगितलंस?"

"माझ्यामुळे सहल गेली असती." मग तिने विचारलं, "बाई, अजून किती राहिले?"

"वीस," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे दहा वेळा," पिटुकली म्हणाली आणि तिने मोजा वर ओढला.

बाई तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि सुचवलं की सोमवार तेवढा पार पडू द्या, मग बरणी गुपचूप कपाटात ठेवू. तोवर तुम्ही लक्ष ठेवा. बाईंनी तीस वर्षं दुसरं काय केलं होतं?

त्या वर्गाकडे जिना चढू लागल्या. पोरांना रागवावं, तर चुगली केली म्हणून ती पिटुकलीचा जीव खातील. गप्प बसावं, तर दहा वेळा. आणि पोरं दुष्ट नव्हती, हेच बाईंना सोसवेना. बाईंनी शिकवलं तेच ती मन लावून करत होती. आजवर किती वर्गांतून किती जणांना असं पाडलं गेलं असेल, हा विचार आला आणि त्या पायरीवरच थांबल्या.

वर्गात येऊन त्यांनी बरणी पोटाशी धरली. "ही बंद," त्या म्हणाल्या. "सहल होणार नाही. चूक माझी आहे, तुमच्यातल्या कुणाचीही नाही." पुढे काही बोलायचं होतं, पण बरणी निसटली, झाकण उडालं आणि मणी वर्गभर पळाले. सावरायला गेलेल्या बाईंच्या एका मुठीत चारदोन तेवढे राहिले.

सगळी पोरं बाकांखाली घुसली. त्या रेट्यात कुणाचा तरी खांदा लागला आणि पिटुकली फळ्यापाशी खाली आपटली. या वेळी कुणीच मुद्दाम पाडलं नव्हतं. मॉनिटर सवयीने दोन पावलं पुढे आला आणि त्याने बाईंकडे पाहिलं.

"बाई, मणी?"

"आता मणी नाहीत."

तो थांबला. त्याच्या मागचेही थांबले. बाई स्वतःच गेल्या, वाकल्या, आणि हात पुढे केला.

पिटुकलीने त्या हाताकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं.

"नको बाई. माझी मी उठते."

तिने आधी भिंत धरली. पट्ट्याचा पाय सरळ केला, दुसरा पोटाशी घेतला, एकदा घसरली, परत भिंत धरली. ती उभी राहिली, फ्रॉक झटकला, जागेवर जाऊन बसली आणि दोन्ही पाय बाकाखाली आत ओढून घेतले.

बाई अजून वाकलेल्याच होत्या, हात पुढे करून.