बाबुलालचा डावा पाय

पट्टीची गाठ सोडण्याआधी रिताबाईंनी नेहमीसारखे डोळे मिटले, तसा खाटेवरचा बाबुलाल खेकसला.

"हे बंद करा जी. रोज रोज डोळे मिटून काय करून राहता?"

रिताबाईंनी डोळे उघडले. "काही नाही. मनातल्या मनात दोन शब्द म्हणतो."

"कोनासाठी?"

"तुमच्यासाठी."

"माह्यासाठी नोका म्हनू. माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. भाकरी बांधून पायी गेला होता. देवबिव आमी तवाच सोडला. पट्टी बांधाची असन त बांधा, नाही त राहू द्या."

"बरं," एवढेच म्हणून रिताबाईंनी गाठ सोडली. त्यांना राग आला नाही असे मात्र नाही. छत्तीस वर्षे नर्सबाई म्हणून गावोगाव फिरल्या, निवृत्त झाल्यावरही घरी बसल्या नाहीत. पण माणूसच त्या. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असे त्यांच्या मनात येऊन गेले. हात तेवढे थांबले नाहीत.

बाबुलाल मेश्रामने मोहाडीजवळच्या एका राईस मिलमध्ये तीस वर्षे भट्टी सांभाळली होती. भट्टीत धानाचा कोंडा जळतो आणि त्याची राख मिलच्या मागे ओततात. ती वरून थंड, करडी दिसते. आत दोन-दोन दिवस विस्तव धुमसत असतो. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हे बाबुलालच बजावून सांगायचा. पण मधुमेहाने त्याच्या तळपायांची जाणीव गेली होती, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. काम सुटल्यावर एकदा जुन्या सोबत्यांना भेटायला म्हणून गेला, जवळची वाट धरून राखेच्या कडेने चालला, आणि जळक्या चपलेचा वास आला तेव्हा त्याने खाली पाहिले. डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. जखम काही भरून येईना.

बायको विमलाबाई चार वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा धम्मदीप पुण्याला कंपनीत. गोळ्या घेतल्या का, असे फोनवर विचारायचा. शेजारची रत्नमाला दोन वेळचे जेवण द्यायची, पण पदर नाकाला लावून ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि कडी वाजवून निघून जायची. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्या वासात उभे राहणे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हतेच.

रिताबाईंना तो वास येत नव्हता असे कोणी समजू नये. नागपूरला नर्सिंग शिकत असताना एका म्हाताऱ्या मदरने त्यांना सांगितले होते, की जखमेला हात लावण्याआधी क्षणभर डोळे मिटून येशूचे नाव घ्यावे, म्हणजे नाक मुरडायचे राहून जाते. तेव्हापासूनची ही सवय. मोहाडीत ख्रिस्ती घर त्यांचे एकटीचेच. नवरा गेला, मूलबाळ नव्हते. रविवारी एसटीने भंडाऱ्याच्या चर्चमध्ये जाऊन मिस्सा ऐकायची आणि दुपारच्या गाडीने परत यायचे. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून पवित्र गुरुवारी तिथे फादर बारा जणांचे पाय धुतात. ते बाराही जण घरून साबणाने घासून, नखे कापून आलेले असतात. रिताबाईंना दरवर्षी मनातून हसू यायचे आणि दरवर्षी त्या त्याबद्दल क्षमा मागायच्या.

बाबुलाल खेकसला त्याच रात्री रिताबाईंना थंडी वाजून ताप भरला. सहा दिवस त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. निरोप पाठवायला घरात होते कोण? उशाशी पाण्याची बाटली, गोळ्यांची पाकिटे आणि भिंतीवरचा क्रूस. सबंध गावाचे ताप जिने मोजले त्या बाईच्या कपाळावर हात ठेवायला कोणी आले नाही. चौथ्या दिवशी त्यांना त्याचे रडू आले. ते तापाचे आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सातव्या दिवशी भिंतीला धरत धरत त्या निघाल्या. बाबुलालच्या अंगणात रत्नमाला त्यांना आडवी आली.

"बाई, नाराज झाल्या काय जी? बुढा तुमची वाट पाहून पाहून अर्धा झाला. ताट जसंच्या तसं वापस येते."

रिताबाई आत गेल्या. पहिल्यांदा त्यांचे लक्ष जमिनीकडे गेले. खाटेपासून समोरच्या भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून परत खाटेपर्यंत वाळलेल्या रक्ताचे डाग होते. मग त्यांनी भिंतीकडे पाहिले. विमलाबाईच्या फोटोच्या वर भगवान बुद्धांची तसबीर असायची. तिथे आता नुसता खिळा होता, आणि खाली एक चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता.

"कोणी काढली?"

"म्या काढली." बाबुलालचा आवाज खोल गेला होता. "बाई, मले तुमच्या धर्मात घ्या."

खोटे कशाला सांगावे, रिताबाईंचे काळीज आनंदाने उचंबळले. इतकी वर्षे त्या लोकांची दुखणी काढत आल्या. कोणाला धर्माबद्दल एक अक्षर कधी बोलल्या नव्हत्या. पण न मागता कोणी दारात येऊन असे म्हणावे, ही इच्छा मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात होतीच. फादरना हे कसे सांगायचे, इथपर्यंत त्यांचे मन धावून आले.

"घ्या ना जी," बाबुलाल म्हणाला. "मंग त याल ना रोज?"

रिताबाईंचा आनंद कुठल्या कुठे गेला.

"म्हणून काढली तसबीर?"

"मी तुमच्या देवाले बोललो, अन् दुसऱ्या दिवसापासून तुमी बंद. आता कोनावर रागावू? चूक माहीच. रत्नमाला म्हने, दुसरी नर्स येईन. मी म्हनलं, दुसरी नाही येत. या खोलीत कोनी नाही येत." त्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिले. "तसबीर काढताना विमलाच्या फोटोकडे पाहिलं नाही म्या."

"बाबुलालजी, मला ताप होता. सहा दिवस उठून बसवत नव्हतं."

"ताप?" त्याने मान उचलली. "मंग घरी कोन होतं?"

"कोणी नाही."

"पानी कोन देल्लं?"

"बाटली भरून ठेवली होती उशाशी."

बाबुलालने त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. मग म्हणाला, "मले सांगाले कोनी असतं त रत्नमालेले तरी धाडलं असतं."

रिताबाईंना स्वतःची लाज वाटली. दीड महिना त्या येत होत्या. का येतो, हे त्यांनी एकदाही सांगितले नव्हते. सांगायचे कशाला, हात दिसतातच की, असे त्यांना वाटायचे. पण खाटेवर पडलेला माणूस देणाऱ्याच्या मनात काय आहे ते रोज चाचपत असतो, आणि हा बिचारा चाचपत चाचपत शेवटी त्या खिळ्यापर्यंत जाऊन पोचला. जवळ उरलेली एकच वस्तू त्याने काढून दिली, तीही कोणी मागितली नसताना. आणि आपण ती घ्यायला क्षणभर हात पुढे केला होता. याची क्षमा मागायला रविवारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ती तिथेच, मनात मागितली.

"तसबीर कुठे ठेवली?"

पेटीत, विमलाबाईच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलेली निघाली. रिताबाईंनी काच पदराने पुसली, स्टूल ओढला आणि दुखऱ्या गुडघ्याने, तापातून नुकत्याच उठलेल्या अंगाने त्यावर चढल्या.

"पडसान जी!" बाबुलाल घाबरला.

"पडले तर तुमच्याच बाजूला खाट टाका." त्यांनी दोरी खिळ्यात अडकवली. "नीट आहे?"

"वाकडी हाय. जराशी उजवीकडे घ्या. आनखी. हां, राहू द्या."

खाली उतरून त्यांनी पाणी तापवले, मीठ टाकले. "ऐका. उद्या येतो. परवा येतो. तुम्ही मला बोलले तरी येतो, नाही बोलले तरी येतो. माझा देव आजाऱ्याकडे जा म्हणतो. त्याला विचार, तू कोणाचा, असं नाही म्हणत. तुम्ही जे आहात तेच राहा. आता पाय द्या इकडे."

सहा दिवसांची पट्टी मांसाला चिकटली होती. ती सोडवायला पाऊण तास लागला. रिताबाईंनी त्या दिवशी डोळे मिटले नाहीत.

त्यानंतरही मिटले नाहीत. बाहेर चपला काढताना उभ्या उभ्या काय ते म्हणायच्या आणि मग आत यायच्या. बाबुलालचा विश्वास मात्र लगेच बसला नाही. दोन-तीनदा त्याने मुद्दाम वाकडे बोलून पाहिले, पट्टी नीट नाही म्हणाला, एकदा पाणी सांडले. रिताबाई दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी हजर. मग तो निवळला. राखेबद्दल, विमलाबाईबद्दल, धम्मदीपच्या लहानपणाबद्दल बोलायचा. बुद्धवंदना विमलाबाईच म्हणायची, आपल्याला अर्धीच येते, असेही एकदा सांगितले. रिताबाई म्हणाल्या, अर्धी तर अर्धी, म्हणा. त्याने म्हटली आणि त्या पट्टी गुंडाळत ऐकत राहिल्या.

थंडी सुरू झाली तसा त्याचा चेहरा सुजायला लागला. मूत्रपिंडे थकली होती. भंडाऱ्याला नेले, चार दिवसांनी त्यानेच हट्ट करून परत आणायला लावले. एका सकाळी पट्टी सोडण्याआधी त्याने रिताबाईंचा हात धरला.

"बाई, बाहेर उभ्या राहून म्हनता ना तुमी? मले दिसते खिडकीतून."

रिताबाई ओशाळल्या. "सवय आहे. जात नाही."

"थंडीत बाहेर कायले? इथंच म्हना."

"तुम्हाला नको होतं ना?"

"मले आताही नोको. मी बुद्धाचाच हाय, तसाच जाईन." तो धापा टाकत हसला. "पन तुमच्या घरी कोन हाय बोलाले? इथं बसून बोला त्याच्याशी. मी चूप राहतो."

रिताबाईंनी डोळे मिटले, पण नेहमीचे दोन शब्द त्यांना आठवेनात. गेल्या कित्येक वर्षांत कोणी त्यांच्याकडे असे पाहिले नव्हते. गालांवरून पाणी आले ते त्यांनी पुसले नाही. बाबुलाल, बोलल्याप्रमाणे, चूप राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. रत्नमाला सांगायला आली तेव्हा रिताबाई चुलीवर पाणी ठेवत होत्या.

दुपारी धम्मदीप पुण्याहून विमानाने, नागपूरमार्गे पोचला. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसे जमली होती. आंघोळ घालायला बाबुलालला बाहेर फळीवर आणले आणि सगळेच जरा मागे सरकले. वॉर्डातले वडीलधारे श्यामराव खाकरून म्हणाले, "बाई, तुमीच करून घ्या. तुमाले सवय हाय."

रिताबाईंनी पदर खोचला. खाली बसून त्यांनी शेवटची पट्टी सोडली. मग धुवायचा कपडा हातात घेऊन त्या थोडा वेळ तशाच थांबल्या. पलीकडे धम्मदीप उभा होता. प्रवासाच्या कपड्यांत, पाठीवरची बॅगही अजून न काढलेला. त्याने बापाचा तो पाय आजवर पाहिला नव्हता.

"धम्मदीप, इकडे ये बाबा," त्या म्हणाल्या आणि कपडा त्याच्या हातात दिला. "मी पाणी टाकतो."

त्याने बॅग उतरवली. उकिडवा बसला. टाच तळहातावर घेऊन त्याने जखमेकडे पाहिले आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"दुखन काय त्यायले?" त्याने विचारले.

अंगणात कोणी हसले नाही.

"नाही," रिताबाई म्हणाल्या. "पण हळूच धू."

त्यांनी कोमट पाण्याचा तांब्या तिरका केला, आणि धम्मदीप हळूहळू बापाचा पाय धुऊ लागला.