उपासाचे चीज

१९९७ साली मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि नाताळ एकाच दिवशी आले. यात दैवी संकेत काही नव्हता. चांद्र आणि सौर अशा दोन कालगणना आपापल्या गतीने चालू असल्या की अधूनमधून असे होणारच, हे जयाने सासूला आठवडाभर आधीच समजावून सांगितले होते. गिरजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे सवाष्णी दिवेलागणीले अन् मिथुनचे साहेब जेवायच्या टायमाले, असंच ना?"

जया माजरीच्या कोळसा खाणीतल्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. कोळसा दळायचा, जाळायचा, मागे राहिलेली राख तोलायची आणि आकडा सांगायचा, हे तिचे काम. व्रतवैकल्यांवर तिचा विश्वास नव्हता आणि तसे ती सांगतही असे. म्हणून लग्नानंतर कित्येक मार्गशीर्ष गिरजाबाईंनी तिला पूजेच्या मांडणीला हात लावू दिला नव्हता. "जिले पटत नाई तिनं काऊन करावं?" एवढाच त्यांचा मुद्दा होता. यंदा मात्र त्यांनीच माघार घेतली. शेजारच्या नीलाबाईंना त्यांनी त्याचे कारणही सांगितले होते. "देवाले मानत नाई ते, पण खोटं बोलत नाई. माह्या घरात एवढं कोण हाये?"

हे वाक्य जयाने भिंतीपलीकडून ऐकले होते. प्रशस्तिपत्रांचा तिला सोस नव्हता. हे मात्र तिने मनात जपून ठेवले होते.

नाताळचे पाहुणे म्हणजे जयाचा नवरा मिथुन याचे वरिष्ठ परेरा आणि त्यांची पत्नी. वसईची माणसे, घरापासून दूर पहिलाच नाताळ. त्यांच्यासाठी काही वेगळे करावे असे मिथुनला वाटत होते, आणि योगायोगाने घरात वेगळे काही आलेही होते. यंत्र बसवायला आलेला एक परदेशी अभियंता मायदेशी परतताना लाल मेणात गुंडाळलेला चीजचा गोळा त्याच्या हाती देऊन गेला होता. चीज आणि फळे एका तबकात कशी मांडतात याचे चित्र जयाने एका इंग्रजी मासिकात पाहिले होते. चित्रात लाकडी पाट होता आणि द्राक्षे होती. इथे पितळी परात होती, आणि व्रताला पाच फळे लागतात म्हणून आणलेली संत्री, पेरू, सफरचंदे, केळी आणि बोरे होती. फळे एकच, प्रसंग दोन. तेव्हा एकाच परातीत अर्धी बाजू लक्ष्मीची आणि अर्धी साहेबाची, असे ठरले.

सकाळी जयाने मेण सोलले तेव्हा गिरजाबाई शेजारीच बसल्या होत्या.

"मेण खाते काय हे लोक?"

"मेण काढून टाकायचं, आई. आतलं खायचं."

"आत काय हाये? अंडं-गिंडं?"

"दूध, मीठ आणि दूध आंबवणारे जिवाणू. आपल्या दह्यात असतात तसलेच. दुसरं काही नाही."

"म्हंजे उपासाले चालते?"

"दूध चालतं ना? मग हे चालेल."

नमुन्याचा निकाल सांगावा त्याच स्वरात तिने हे सांगितले. गिरजाबाईंना तो स्वर परिचित होता आणि पुरेसा होता. त्या म्हणाल्या, "मग देवीच्या बाजूलेही ठेव थोडं. विलायतेहून आलं, तिलेही पाहू दे."

शिवणाचा दोरा ताणून जयाने गोळा कापला. सुरीपेक्षा दोऱ्याने कड स्वच्छ येते. चौकोनी तुकडे केले. पत्रावळ टाचायच्या बांबूच्या काड्यांवर एक तुकडा चीज, एक फोड संत्रे असे ओवले. मधोमध बोरांची रास, भोवती पेरूच्या फोडी. काही पेरू अखंड ठेवले. परात खरोखर देखणी झाली. मिथुनने दारातूनच पाहिले आणि म्हणाला, "अरे बाप रे! आपल्या घरी?"

संध्याकाळी पाच सवाष्णी आल्या. नीलाबाईंनी चंद्रपुराहून मागवलेले चांदीच्या वर्खाचे पेढे आणले होते. ते लक्ष्मीच्या बाजूला बसले. पोथी झाली, आरती झाली, नैवेद्य दाखवला. मात्र या घरात नैवेद्यानंतरही कोणी लगेच खात नसे. ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा पहिला घास गाईला जायचा, मग माणसांना. गिरजाबाईंनी गावाहून आणलेली गाय क्वार्टरच्या मागच्या अंगणात बांधलेली असे आणि नुकतीच व्यालेली होती. दिवसभराच्या उपाशी गिरजाबाई पळसाच्या पानावर एकेक घास घेऊन मागच्या दाराने बाहेर गेल्या.

नीलाबाईंनी परातीतला एक तुकडा उचलून नाकाशी नेला. "दिसाले तं कपड्याचा साबन हाये बाई! सूनबाई, हे दूध फाडते कायनं? निंबू पिळते का तुरटी फिरवते?"

"लिंबू नाही," जया म्हणाली, "तुरटीही नाही. त्याला एक..."

आणि ती थांबली.

नुसत्या जिवाणूंनी दही होते. दोऱ्याने कापता येईल इतके चिवट, रबरासारखे काही होत नाही. त्यासाठी आणखी एक द्रव्य लागते, आणि ते द्रव्य तिने स्वतः हाताळले होते. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, चंद्रपूरच्या कॉलेजात, तपकिरी बाटलीतली चिमूटभर पूड कोमट दुधात टाकली होती आणि पाहता पाहता दूध थिजले होते. प्राध्यापकांनी पुडीचा उगमही सांगितला होता. दूधपित्या वासराच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी चौथ्याचे अस्तर. परीक्षेत तिने ते लिहिले होते. त्याचे गुण मिळाले होते.

पाप-पुण्याचा हिशेब तिच्या शास्त्रात बसत नव्हता; तरी छातीत जे धडधडत होते ते भीतीहून वेगळे नव्हते. ती मागच्या दाराकडे धावली. नीलाबाई "काय झालं वो?" म्हणत मागे, आणि त्यांच्या मागे उरलेल्या चौघी.

"आई, थांबा!"

गिरजाबाई वळल्या. पान रिकामे होते. गाईने घास खाल्ला होता, आणि आता खरखरीत जिभेने ती पान चाटत होती. दोन हातांवर तिचे वासरू दाव्याला ओढ देत उभे होते. पान संपल्यावर गाईने गिरजाबाईंच्या तळव्याला तोंड लावले. तिला आणखी हवे होते. चीजमध्ये मीठ भरपूर असते आणि गुरांना मिठाची ओढ असते, एवढाच त्याचा अर्थ. पण जयाला तिथे उभे राहवेना.

तिने सगळे सांगितले. आडपडदा न ठेवता, कप्प्याच्या क्रमांकासकट.

सवाष्णींपैकी एकीने पदर तोंडाला लावला. नीलाबाईंनी हातातला तुकडा विंचू झटकावा तसा झटकला. मिथुन दारात येऊन उभा राहिला आणि काही न समजल्यामुळे हसला. मग आईचा चेहरा पाहून हसायचा थांबला.

"वासराच्या पोटातलं," गिरजाबाई सावकाश म्हणाल्या. "म्हंजे वासरू कापून."

"कदाचित. तसलंच द्रव्य बुरशीपासूनही काढतात आता. या गोळ्यात कोणतं होतं, ते सांगता येत नाही."

"कदाचित म्हंजे काय? हो का नाई?"

"कळायला मार्ग नाही, आई."

"झालं मंग!" नीलाबाईंना वाट सापडली. "बुरशीचंच असंल. अन् खुद्द गाईनं खाल्लं ना गिरजाबाई! तिले चाललं तं आपल्याले काय धाड भरली?"

"तिले कोणी सांगतलं?" गिरजाबाई म्हणाल्या. "तिले मालूम नाई. मले आता मालूम हाये."

युक्तिवाद निर्दोष होता, हे जयाला कबूल करावे लागले.

गिरजाबाईंनी हात धुतले. एकदा, मग पुन्हा. आवाज चढला असता तर जयाला सोपे गेले असते. तो चढला नाही.

"सकाळी इचारलं तवा तुले हे मालूम होतं?"

"मालूम होतं. आठवलं नाही."

"आठवलं नाई, तरी 'दुसरं काही नाही' म्हनलीस."

"हो."

"असं आणखी काय काय हाये, जे तुले मालूम हाये पन आठवून नाई राह्यलं?"

प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. त्या घरात शिरल्या, परातीपुढे मांडी घालून बसल्या आणि काड्यांवरचे तुकडे एकेक करून साहेबाच्या बाजूला सरकवू लागल्या. "त्याईले देजो. त्याईचा सण हाये, त्याईले चालते." मग हात पेढ्यांवर थांबला. "हे?"

जयाने पेढ्यांकडे पाहिले. वर चांदी थरथरत होती. चांदीचा इतका पातळ पत्रा कसा काढतात, हेही तिने कुठेतरी वाचले होते. जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत घालून कुटतात. शेजारीच नीलाबाई बसल्या होत्या.

"पेढा दुधाचा आहे," ती म्हणाली, आणि जिभेवर तोच सकाळचा स्वर आलेला तिला ऐकू आला. तिने श्वास घेतला. "वर्ख मात्र आतड्यात कुटतात. निदान जुन्या पद्धतीने."

"आता चांदीतही गाय?" नीलाबाई जवळजवळ ओरडल्या.

"बैल," जया म्हणाली. "बहुधा."

पेढे साहेबाच्या बाजूला गेले. लक्ष्मीच्या बाजूला आता फळेच उरली होती, आणि बाहेर अंधारून आले होते. गिरजाबाईंनी एक अखंड पेरू उचलून सुनेपुढे धरला. पहाटेपासून त्यांच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हते.

"अन् हा?"

जयाने तो घेतला. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पेरू म्हणजे पेरू. तरी तिने पेरू दिव्याखाली नेला, फिरवून साल पाहिली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडला आणि अळीसाठी गर तपासला. मग दोन्ही भाग सासूच्या हातावर ठेवले.

"पेरूच आहे, आई. मी पाहिलाय."

गिरजाबाईंनी तो खाल्ला. सावकाश, बियांसकट. मग नीलाबाईंनी, आणि त्यांच्यामागोमाग उरलेल्या चौघींनी, आपापले फळ जयापुढे तपासायला धरले.