भिंतीपलीकडची काठी

"मोंतेराकची गढी सहाशे वर्षांत एक रात्रही रिकामी राहिलेली नाही." हे वाक्य सोलांज तेवीस वर्षं गढी बघायला आलेल्या प्रत्येक घोळक्याला ऐकवत आली होती. इंग्रजांनी बुरूज जाळला तेव्हा घरची मंडळी तळघरात राहिली. फ्रेंच राज्यक्रांतीत मालकाचं डोकं उडालं तेव्हा त्याची बायको मोलकरणीच्या वेशात इथेच भांडी घासत राहिली. सोलांज बोलायला पटाईत. तिच्यापुढे जांभई द्यायची कुणाची टाप नव्हती.

घराण्यातले ओदोआरसाहेब, सगळ्यांचे ‘मस्यू’, आता एकटेच उरले होते, वय एक्याऐंशी. लोक फिरत असताना ते ग्रंथालयामागच्या छोट्या खोलीत दार लावून बसत. एकदा लील शहरातून आलेल्या एका फटकळ बाईने विचारलं, "खरंच राहतं का कुणी इथे, की तिकिटं खपवायला सांगता?" तेवढ्यात भिंतीपलीकडून काठीचे तीन ठोके पडले. मंडळी पोट धरून हसली. तेव्हापासून तो रिवाजच झाला. सोलांजने ते वाक्य म्हणायचं, मस्यूंनी काठी आपटायची.

"आज फार लांबण लावलीत," ते नंतर कॉफी पिताना कुरकुरायचे. "काठी धरून हात अवघडला माझा."

"मग आधी आपटायची. कुणी अडवलंय?"

"म्हणजे लोक म्हणतील, म्हातारा भिंतीला कान लावून बसलाय."

"बसलेलेच तर असता."

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी शेवटच्या फेरीला अठरा माणसं होती. ग्रंथालयात सोलांज अजून इंग्रजांपर्यंतच पोचली होती, ते वाक्य यायचंच होतं, तोच ठोके पडले. तीन. मग दोन. मग जरा थांबून एक.

"मस्यूंना आज घाई आहे," ती म्हणाली. "कॉफीची तल्लफ आलेली दिसते."

सगळे हसले. तीही मनापासून हसली. मग त्यांना वर घेऊन गेली आणि जुन्या पलंगांबद्दल अर्धा तास बोलत राहिली.

कॉफी घेऊन गेली तेव्हा मस्यू जमिनीवर पडले होते. काठी मुठीत तशीच होती. मी अर्धा तास आधी आले असते तर, असं तिने डॉक्टरांना विचारलं. ते भले गृहस्थ बॅग आवरत राहिले, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

ठोक्यांचं तिने कुणालाच सांगितलं नाही. ती अठरा माणसं एक गमतीची आठवण घेऊन आपापल्या घरी गेली होती. मस्यूंचा पुतण्या गियेम बोर्दोहून राहायला येईपर्यंत सोलांज रोज गढीतच झोपली, नाहीतर ते वाक्य खोटं पडलं असतं. झोपली म्हणायचं एवढंच.

ईस्टरला गढी पुन्हा उघडायची ठरली. तिने गियेमला विचारलं, "ते वाक्य गाळलं तर चालेल का?"

"कशाला गाळता, सोलांज? आता मी राहतोय ना इथे."

पहिल्याच घोळक्यापुढे तिने ते वाक्य म्हटलं. आणि भिंतीपलीकडून तीन ठोके पडले.

सोलांज बोलणं टाकून धावली. एका बाईला तिचा धक्का लागला, कुणाची तरी छत्री पडली. तिने दार सताड उघडलं.

आत खुर्चीत गियेम बसला होता. हातात काकांची काठी, चेहऱ्यावर मिश्कील हसू.

"काकांची गंमत चालू ठेवावी म्हटलं," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. "चुकीच्या वेळी आपटली का?"

"नाही. वेळ बरोबर होती." ती चौकट धरून उभी होती. मागे लोक हसत होते. हाही खेळाचाच भाग, असं त्यांना वाटलं होतं.

"अकरा पावलं आहेत, गियेम," ती म्हणाली. "मी उभी असते तिथून या दारापर्यंत. अकराच."