माझी रिकामी गादी

मी एक जुना रेडा आहे. घाबरू नका मित्रांनो, मला शिंगं नाहीत, शेपूट नाही आणि मी चाराही मागत नाही. मी लोखंडाचा आहे. जमिनीवरून घसरायला खाली दोन जाड पट्ट्या, त्यांवर चौकट, पुढे माणसाच्या छातीइतक्या उंचीवर शेजारी शेजारी दोन गाद्या आणि मागे एक फळी, एवढंच माझं अंग. अमेरिकन फुटबॉल नावाच्या खेळातले गडी सरावासाठी माझ्या गाद्यांना खांदा भिडवून मला मैदानभर ढकलत नेत. टक्करच घ्यायची म्हणून पोरांनी मला रेडा म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना थोडं रडायचं असतं म्हणे. माझं रडून कधीच झालं. आता मला फक्त किळस येते, आणि तुमच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही.

माझा जन्म बिबवेवाडीतला. संभाजी मिस्त्रींची तिथे ग्रिल आणि शटरं बनवायची शेड होती. परदेशातून असं यंत्र मागवायला संघाच्या मालकाचा जीव होईना, म्हणून एक छापील चित्र संभाजींच्या हातात ठेवून "हे असंच करून द्या" असं सांगण्यात आलं. संभाजींनी चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं आणि म्हणाले, "यात खेळ काय आहे? ही तर हमाली दिसतीय." तरी त्यांनी मला मन लावून घडवलं. गाद्यांत काथ्या ठासला आणि वरून रिक्षाच्या टपाचं काळं रेक्झिन शिवलं. मला रंग देताना ते शीळ घालत होते. तेवढं एक सुख मला आठवतं.

ते दिवस पुण्याने अंग धरण्याचे होते. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या आणि वाघोलीच्या ज्वारीच्या रानांचे प्लॉट पडत होते. अशाच प्लॉटांवर बद्रीनाथशेठ मोठे झाले होते. क्रिकेटचे संघ विकत घेता येतात हे सगळ्या देशाने पाहिलं होतं. क्रिकेटचा संघ बद्रीशेठना परवडला नाही, म्हणून त्यांनी या खेळाचा घेतला. नवी लीग निघणार होती आणि सामने टीव्हीवर दिसणार होते. वाघोलीच्या त्यांच्या मोकळ्या प्लॉटवर मैदान आखलं गेलं आणि टेम्पोतून मी तिथे उतरलो.

हा खेळ थोडक्यात सांगतो. चेंडू लांबुळका असतो. तो हातात घेऊन पळायचं, नाहीतर पुढे फेकायचा. फेकणारा मागे उभा असतो आणि त्याच्यापुढे धिप्पाड गड्यांची एक फळी असते. समोरून अंगावर येणाऱ्यांना खांद्याने रोखणं हेच त्या फळीचं काम. यांच्या हाती चेंडू फारसा येत नाही, यांचे फोटोही कुणी काढत नाही. पण हे एक पाऊल जरी हटले, तर मागचा फेकणारा भुईसपाट होतो.

आमच्या फळीच्या मधोमध वैजनाथ असायचा. परळीकडचा माणूस, मार्केट यार्डात पोती उचलायचा आणि बिबवेवाडीत एका खोलीत बायको सत्यशीला आणि रांगत्या अपेक्षाबरोबर राहायचा. त्याच्या शेजारी सुदर्शन, त्याच्याच गावचा, त्याच्याच ताटात जेवणारा. चेंडू फेकणारा अभय हा हिंजवडीतल्या कंपनीतला गोरागोमटा, इंग्रजी बोलणारा मुलगा. प्रशिक्षक तात्याराव, जन्मभर कबड्डी शिकवलेले.

तात्यारावांनी पोरांना सांगितलं होतं की या खेळात कप्तान खेळाडूंनीच निवडायचा. त्यासाठी त्यांनी मतांच्या चिठ्ठ्याही कापून आणल्या होत्या. पण मी नवा आलो होतो, आणि नव्या यंत्रावर नारळ फोडल्याशिवाय आपल्याकडे कुणी त्याला हात लावत नाही. नारळ होता सुदर्शनच्या हातात. तो फोडेना. त्याने तो शेजाऱ्याला दिला, त्यानेही पुढे दिला. असा हातोहात फिरत नारळ वैजनाथकडे आला आणि तिथेच थांबला. मी येण्याआधी महिनाभर पोरं एकमेकांना ढकलून सराव करत होती. कुणाचं तोंड फुटलं की पाण्याची बाटली घेऊन आधी कोण धावतं, दमलेल्याच्या जागी कोण उभं राहतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

"मी कामून?" वैजनाथ लाजून म्हणाला.

"फोड आता. झालं मतदान," तात्याराव म्हणाले आणि चिठ्ठ्या त्यांनी खिशात घातल्या.

त्याने माझ्या चौकटीवर नारळ फोडला. पाणी माझ्या नव्या रंगावरून ओघळलं. अभयनेही टाळ्या वाजवल्या, हे मला सांगितलंच पाहिजे.

बद्रीशेठना ही बातमी कळली तेव्हा त्यांचं तोंड कडू झालं. "कप्तान फ्लेक्सवर लागणार, टीव्हीवर बोलणार. हा काय बोलणार? पोती?" त्यांना अभय हवा होता. पण पोरं हटेनात, तेव्हा शेठ एकदम गोड झाले. "वैजनाथच कप्तान. माझं काही म्हणणं नाही. फक्त सगळ्यांनी करारावर सह्या करून टाका."

करार इंग्रजीत होता. माझ्या फळीवर बसून अभयने तो पोरांना वाचून दाखवला. संघात राहायचं किती वर्षं, कपडे कुणाचे, सगळं छान होतं. मग एक कलम आलं. दुखापतीमुळे खेळाडू खेळू शकला नाही, तर त्या दिवसापासून करार संपला.

"हे स्टँडर्ड असतं यार," अभय म्हणाला. "सगळीकडे असंच असतं."

"आपलं कामच टक्कर घ्यायचं हाय," वैजनाथ म्हणाला. "मग लागणारच की. लागलं की घरी जा म्हणायलेत का हे? ही ओळ खोडा म्हणावं. माझ्या एकट्याची नाही, सगळ्यांची."

पोरांनी माझ्या फळीवर हातावर हात ठेवले. ओळ खोडल्याशिवाय कुणीही सही करायची नाही, असं ठरलं. सर्वांत वरचा हात सुदर्शनचा होता. त्या हातांचं वजन मला फार आवडलं होतं. वैजनाथचं सगळं त्या शब्दावर होतं, कारण कप्तान झालो म्हणून त्याने मार्केट यार्डातलं काम सोडलं होतं.

पुढच्या रविवारी बद्रीशेठ पाहुणे घेऊन आले. डोळ्यांना गॉगल, हातात कॅमेऱ्याचे मोबाईल. जाहिराती देणारी मंडळी होती ती. सरावाच्या वेळी वजन वाढवायला तात्याराव कधी कधी माझ्या फळीवर उभे राहत. पण एकटे, आणि गाद्यांवर दोघे गडी असतील तरच. त्या दिवशी शेठ फळीवर चढले. त्यांनी पाहुण्यांनाही हात देऊन वर घेतलं. माझ्या पट्ट्या मातीत रुतल्या.

"काय कप्तान! घ्या आम्हाला फिरवून," शेठ म्हणाले, आणि त्यांनी बैल हाकतात तसा तोंडाने आवाज काढला. पाहुणे खिदळले.

वैजनाथने माझ्या उजव्या गादीला खांदा लावला. डाव्या गादीकडे सुदर्शन निघालाच होता. शेठ म्हणाले, "तू थांब. कप्तानाची ताकद बघू दे पाहुण्यांना." आणि सुदर्शन थांबला. तात्याराव आपल्या शिट्टीची दोरी नीट करत राहिले. मित्रांनो, ती दोरी चांगली नीट होती.

दोन गाद्यांच्या यंत्राला एकाच बाजूने ढकललं की ते सरळ जात नाही, फिरतं. मी काय करणार? मी फिरलो. वरचं सगळं वजन तिरपं होऊन त्याच्या खांद्यावर आलं. तरी त्याने मला ढकललं, कारण मान खाली घालून "जमत नाही" म्हणायची त्याला सवय नव्हती. मग माझ्या गादीत एक आवाज झाला. लोखंडाचा नव्हता. वैजनाथ गुडघ्यांवर बसला आणि त्याचा उजवा हात खाली लोंबला. फळीवरचा एक पाहुणा विचारत होता, "आला का सगळ्यांचा फोटो?"

दोन दिवसांनी सत्यशीला मैदानावर आली. कडेवर अपेक्षा होती. नवऱ्याचा खांदा पुन्हा पोतं उचलण्याजोगा व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. बद्रीशेठनी तिला अहो-जाहो केलं, खुर्चीही दिली. "वाईट झालं, वहिनी. पण त्यांची सही कुठे आहे? कागदाच्या हिशोबाने ते आमचे खेळाडूच नाहीत."

"तुमचे नव्हते, तर मग रविवारी यंत्रावर चढून ढकलायला कुणाला लावलं होतं, शेठ?"

शेठना फोन आला. किंवा आल्यासारखं त्यांनी केलं.

पोरं आता काय करतात, याकडे माझं सगळं लक्ष लागलं होतं. शब्द दिलेला होता. त्याच संध्याकाळी माझ्यापासून जवळच टेबल मांडलं गेलं. पहिली सही सुदर्शनने केली. मग रांग लागली. करारातली ती ओळ जिथल्या तिथे होती. प्रत्येकाला घर होतं, प्रत्येकाला भीती होती, हे मला कळतं हो. लोखंड असलो तरी मठ्ठ नाही. पण सही करून परतताना एकेकजण माझ्या फळीला वळसा घालून गेला. कुणी तिला हात लावला नाही. तो वळसा आठवला की मला आजही शिसारी येते.

कप्तान अभय झाला. नव्या कप्तानाने माझ्यावर नारळ फोडायचा बेत ठरला. त्याने फोडला. फोटोवाला म्हणाला, प्रकाश बरा नव्हता. दुसरा आणला. मग शेठ फोटोत आले नव्हते म्हणून तिसरा. खोबऱ्याचे तुकडे चिखलात पडले होते आणि ते उचलायलाही कुणाला सुचलं नाही. पहिल्या नारळाचा प्रसाद वैजनाथने प्रत्येकाच्या हातात दिला होता.

पहिल्या सामन्यात फळीच्या मधोमध नवा गडी होता. तो हटला आणि अभय खाली आला. गुडघा गेला. त्याचाही करार त्या दिवशी संपला, कारण ओळ स्टँडर्ड होती. मला आनंद झाला का? नाही. नंतर लीग बंद पडली, मैदानावर सदनिका उभ्या राहिल्या, आणि माझी रवानगी पहारेकऱ्याच्या खोलीमागे झाली. लोक माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घालत. उजव्या गादीत उंदरांनी घर केलं.

बरीच वर्षं गेली. एका सकाळी भंगार न्यायला संभाजी मिस्त्रींचा टेम्पो आला, आणि त्यातून वैजनाथ उतरला. तो आता संभाजींच्या शेडमध्ये डाव्या हाताने रंगकाम करतो. शाळेला सुट्टी म्हणून अपेक्षाही सोबत होती. संभाजी टेम्पो मागे घ्यायला गेले, तेवढ्यात पोरगी टुणकन माझ्या फळीवर चढली.

"बाबा, ढकला ना! गाडी गाडी!"

मी थिजलो. वैजनाथ माझ्या उजव्या गादीशी आला आणि त्याने आपला डावा खांदा लावला. मी जेमतेम हललो आणि फिरू लागलो, तसाच, त्या दिवशीसारखा. त्याचा उजवा हात आधार घ्यायला वर यायला बघत होता आणि येत नव्हता.

अपेक्षाने ते पाहिलं. "थांबा बाबा," ती म्हणाली आणि खाली उतरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डाव्या गादीवरची पायपुसणी तिने ओढून टाकली आणि तिथे आपला एवढासा खांदा लावला. टेम्पोपर्यंत मी सरळ गेलो.

संभाजींनी मला अजून कापलेलं नाही. शेडच्या दारात मी उभा असतो. मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र कुठे गंजताना दिसलं, तर त्याला तेल द्या किंवा देऊ नका, ते तुमच्यावर. पण उद्या तुम्ही कुणाला कप्तान केलंत आणि तो एकटा ढकलताना दिसला, तर त्याचा फोटो काढू नका. त्याच्या शेजारी बघा. तिथे एक गादी रिकामी असते, आणि ती तुमची असते.